रुमाल टाकून धरलेली जागा

(कोल्हापुरातील संगणक-विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मित्रहो, रंकाळा स्थानकावर गगनबावड्याची एसटी लागली की खिडकीतून रुमाल आत पडतो आणि जागा धरली जाते. धरणारा खाली चहा पीत असतो आणि आत उभी असलेली म्हातारी त्या रुमालाकडे बघत राहते. मेनफ्रेमवर, म्हणजे अनेकांनी एकाच वेळी वापरायच्या मोठ्या संगणकावर, लॉगऑन करून उठून गेलेल्या माणसाचे सेशन, म्हणजे त्याची चालू जोडणी, मला नेहमी त्या रुमालासारखे वाटत आले आहे. ते तुटू नये म्हणून काय करावे, हे सांगण्यासाठी आपण मला बोलावले आहे.

टीएसओ, म्हणजे पडद्यासमोर बसून मेनफ्रेमवर काम करण्याची सोय, आपण सर्वांनी वापरलेले आहे, त्यामुळे ओळख करून देत नाही. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आयबीएमने १९७१ साली आणलेले ३२७० टर्मिनल एकेक अक्षर होस्टकडे, म्हणजे मेनफ्रेमकडे, पाठवत नाही. तुम्ही टाइप केलेले सारे टर्मिनलमध्येच साठते आणि एंटर किंवा एखादी पीएफ की (एफ१, एफ२ अशी फंक्शन की) दाबली की मगच एकदम पुढे जाते. आजचे एम्युलेटर, म्हणजे साध्या पीसीवर त्या टर्मिनलची नक्कल करणारे प्रोग्रॅम, हेही तसेच वागतात. म्हणजे तुम्ही वीस मिनिटे घाम गाळून पडदा भरत असलात, तरी होस्टच्या लेखी तुम्ही वीस मिनिटे स्वस्थ बसलेले असता.

हे मी फार महागात शिकलो. मुंबईत एका कार्यालयात रात्रपाळीला होतो आणि महिनाअखेरीच्या कामाचे जेसीएल, म्हणजे मेनफ्रेमला काम नेमून देणाऱ्या सूचना, टीएसओवरच्या आयएसपीएफच्या एडिटरमध्ये लिहीत होतो. डीडी ओळी (कामाला लागणाऱ्या फाइली सांगणाऱ्या) एकाखाली एक नीट जुळवत पडदा खालपर्यंत भरला, शेवटच्या ओळीवरचा स्वल्पविराम तपासला आणि मग एंटर दाबले, तर समोर लॉगऑनचा कोरा पडदा आणि लॉगमध्ये एस५२२ हा काम मध्येच तोडल्याचा कोड. प्रतीक्षेची मर्यादा उलटली होती. मी तर खुर्चीतून हललोही नव्हतो! त्या रागात मी एम्युलेटरमध्ये एक मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या कळांची मालिका, लिहिला, जो दर पाच मिनिटांनी आपोआप एंटर दाबत असे. सहकाऱ्यांनी तो हौसेने उचलला आणि आठवडाभर आम्ही अगदी निर्धास्त होतो.

एके रात्री ऑपरेटरचा फोन आला की महिनाअखेरीचा जॉब, म्हणजे आपोआप चालणारे ते काम, एका डेटासेटसाठी (मेनफ्रेमवरच्या फाइलसाठी) थांबला आहे. त्या जॉबला एक लायब्ररी, म्हणजे अनेक मजकूर एकत्र ठेवणारा तो डेटासेट, डिस्प-ओल्डने, म्हणजे एकट्यासाठी हवी होती, आणि ती माझ्या सेशनने धरून ठेवली होती. मी घरी झोपलो होतो; माझ्या टेबलावरचा मॅक्रो मात्र इमानाने एंटर दाबत होता. एसटीतली ती म्हातारी मला त्या रात्री खऱ्या अर्थाने दिसली.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उपाय भराभर सांगतो. प्रथम कोणते घड्याळ सेशन तोडते आहे, ते ओळखावे. एस५२२ असेल तर ते मेनफ्रेमची कार्यप्रणाली झेड-ओएस हिच्या एसएमएफ पॅरामीटरमधील (सिस्टमच्या नोंदींच्या मांडणीतील) जेडब्ल्यूटीचे, म्हणजे प्रतीक्षेच्या मर्यादेचे, काम; त्याचे मूळ मूल्य १० मिनिटे असते. लॉगऑन प्रोसिजरच्या (लॉगऑन करताना चालणाऱ्या जेसीएलच्या) एक्झेक ओळीत टाइम=नोलिमिट लिहिल्यास ती मर्यादा लागू होत नाही, परंतु ही सूट सिस्टम प्रोग्रॅमरकडे कारण सांगून, मोजक्यांसाठीच मागावी. नेटवर्कवरून ३२७० ची जोडणी देणाऱ्या टीएन३२७० सर्व्हरचे इनॲक्टिव्ह हे स्वस्थ पडलेली जोडणी तोडणारे घड्याळ वेगळे आहे. तिथलाच टाइममार्क फक्त पलीकडचा क्लायंट, म्हणजे तुमचा एम्युलेटर, जिवंत आहे का, एवढेच विचारतो. मधल्या फायरवॉलने जोडणी तोडली असेल तर लॉगऑनच्या पडद्यावर, जुन्या सेशनला परत जोडणारे रीकनेक्ट निवडावे; त्यासाठी मुळात ३ मिनिटांची मुदत असते.

मॅक्रो मी त्याच आठवड्यात पुसून टाकला. तेव्हापासून एडिटर उघडला की आधी रिकव्हरी, म्हणजे तुटलेले काम परत मिळवून देणारी सोय, ऑन करतो, चार ओळी झाल्या की एंटर दाबतो, दहा झाल्या की सेव्ह करतो आणि जेवायला उठताना एडिटरमधून बाहेर पडतो. सेशन तुटले तरी शेवटच्या एंटरपर्यंतचे काम पुढच्या लॉगऑनला परत मिळते आणि रात्रीच्या जॉबला लायब्ररी मोकळी सापडते.