ऐकायला नको, वाजवायला या

(एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावाखाली 'संगीतोपचार' असं छापलंय. अध्यक्षांची माफी मागून सांगते, मी आज उपचार करायला आलेली नाही. तीस वर्षं फिजिओथेरपी केली, तेव्हा उपचार भरपूर केले आणि अर्ध्याहून अधिक लोकांनी घरी जाऊन व्यायाम केले नाहीत, हेही भरपूर पाहिलं. (हशा) हसताय म्हणजे तुम्हीही त्यातलेच!

या सगळ्याची सुरुवात एका आखडलेल्या खांद्यापासून झाली. अडुसष्ट वर्षांच्या एक बाई यायच्या. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, हा व्यायाम मी त्यांना दिला होता. सहाव्यांदा हात गेला की त्या म्हणायच्या, "झाले दहा." माझ्या खोलीच्या कोपऱ्यात मुलाची ढोलकी पडली होती. एकदा माझा फोन चालू असताना त्यांनी ती मांडीवर ओढली आणि सहज वाजवायला लागल्या. लग्नाआधी माहेरच्या भजनी मंडळात वाजवायच्या म्हणे, नंतर पन्नास वर्षं हात लावला नव्हता. वीस मिनिटं वाजवत होत्या. आता ढोलकी मांडीवर घेऊन काही खांदा वर जात नाही. पण दहाला दमणारी बाई वीस मिनिटं हात चालवते, हे मला पुरेसं होतं. पुढच्या वेळी मी एक डफ भिंतीवर खिळ्याला टांगला. दर आठवड्याला खिळा दोन बोटं वर सरकवायचा. तीन महिन्यांत भिंतीची चाळण झाली आणि बाईंचा हात वेणी घालण्याइतका वर गेला.

एकटीने वाजवणं आणि चारजणांत वाजवणं यातला फरक मात्र मला फार उशिरा कळला. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचंय.

परदेशात याला ड्रम सर्कल म्हणतात. खुर्च्या गोल मांडतात, प्रत्येकापुढे एक वाद्य. बहुधा जेंबे असतो. तो पश्चिम आफ्रिकेतला, माली-गिनी भागातला, एकाच ओंडक्यातून कोरलेला, बकरीच्या कातड्याने मढवलेला. मधोमध एकजण उभा राहून हाताने खुणा करतो. आधी शिकावं लागत नाही, श्रोते कुणीच नसतात. 1 ऑगस्ट 1991 रोजी अमेरिकन सिनेटच्या वृद्धांविषयीच्या समितीपुढे संगीत आणि वार्धक्य या विषयावर सुनावणी झाली. तिथे ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट साक्षीला उभा राहिला आणि म्हातारपणी माणसांनी गोलात बसून ढोल वाजवावा, असं त्याने खासदारांना सांगितलं. त्याच सुनावणीत मेंदूविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्सही बोलले. पुढे त्या देशात वृद्धाश्रमांतून, दवाखान्यांतून हे प्रकार वाढत गेले. ढोल बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने तर त्याचा रीतसर आरोग्य-कार्यक्रमच काढला. म्हणून त्या बाजूचे दावे मी जरा पारखून घेते. विकणाऱ्याने मालाची तारीफ करायचीच असते.

अभ्यास झालेत, नाही असं नाही. अमेरिकेत 2001 साली 111 निरोगी माणसांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. एकाच बैठकीनंतर रक्तातल्या काही प्रतिकारपेशींची क्रियाशीलता वाढलेली दिसली. ही बातमी जगभर फिरली, पण एका बैठकीनंतरच्या रक्तावरून आयुष्याबद्दल काय सांगणार? मला अधिक भावला तो जपानमधला 2020 चा अभ्यास. शुश्रूषागृहातली 46 वृद्ध माणसं, बहुतेकांची स्मृती ढासळलेली. अर्ध्यांना तीन महिने, आठवड्यातून तीनदा, अर्धा अर्धा तास एकत्र ढोल वाजवायला बसवलं. त्यांच्या आकलनाच्या चाचण्यांत सुधारणा दिसली, हातांच्या हालचालीतही. छोटा, प्राथमिक अभ्यास आहे. डिमेन्शिया बरा होतो असं त्यात कुणी म्हटलेलं नाही आणि मीही म्हणत नाही. पण ज्या माणसांना नवीन काही शिकवता येणार नाही असं आपण धरून चालतो, ती तीन महिने ठेका धरून बसली, हेच मला मोठं वाटतं.

आता कानाचं बोलते, कारण या सभागृहात पहिल्या तीन रांगा कशा भरल्यात ते मी पाहतेय. (हशा) वयाबरोबर ऐकू येणं कमी होतं ते वरच्या पट्टीपासून. 'स', 'श', 'फ' ही अक्षरं आधी जातात. म्हणून सून 'साठ' म्हणाली की 'आठ', यावरून घरात वाद होतात. खालच्या पट्टीचे आवाज मात्र पुष्कळ काळ शाबूत राहतात. ढोलकीचा धुमा, ढोलाची घुमारी ही नुसती कानाला नाही, छातीला आणि खुर्चीच्या पाठीलाही लागते. गप्पांच्या टेबलावर मागे पडणारी माणसं ठेक्यात मागे पडत नाहीत. एकत्र वाजवायला जमणारा आमचा एक गट आहे, त्यात एक गृहस्थ आहेत. घरी त्यांना काही सांगायचं तर तीनदा ओरडावं लागतं, पण गटात कुणाची थाप चुकली हे सगळ्यांत आधी त्यांनाच कळतं आणि ते लगेच तिकडे मान वळवतात. त्यांच्या शेजारी बसायला बाकीचे टाळाटाळ करतात.

आणखी एक गंमत. टकटक वाजणाऱ्या यंत्राबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर बहुतेक माणसं ठोका पडण्याच्या किंचित आधी आपटतात. सेकंदाचा काही शतांश इतकंच. म्हणजे आवाज आला, मग बोट हललं, असं होत नाही. मेंदू पुढचा ठोका कधी पडणार याचा अंदाज बांधून हाताला आधीच निरोप धाडतो. नुसता ठेका ऐकतानाही मेंदूतले हालचालीचे भाग जागे होतात. पार्किन्सनमध्ये आतला हा निरोप्या अडखळतो, म्हणून बाहेरून ठेका दिला तर पाऊल सुधारतं. मायकेल थॉट या संशोधकाने 1996 मध्ये तीन आठवड्यांच्या सरावाने हे दाखवलं. माझे रुग्ण टाळाच्या ठेक्यावर चालायचे तेव्हा त्यांना मायकेल थॉट माहीत नव्हता. खरं सांगायचं तर मलाही नव्हता.

आणि टाळाचा विषय निघालाच, तर आपल्याकडे हे सगळं पूर्वीपासून चालू आहेच की! वारीतली दिंडी बघा. आळंदी ते पंढरपूर साधारण अडीचशे किलोमीटर. सत्तरीतले टाळकरी गळ्यात टाळ अडकवून चालतात, गातात आणि पावली खेळतात. पाय एकीकडे, हात दुसरीकडे, तोंडात अभंग, डोळे पखवाजवाल्याकडे. तोल सांभाळताना दुसरं काम करायला लावणं, हे आम्ही दवाखान्यात पैसे घेऊन करवतो. मग शहरातल्या आपल्यासारख्यांचं काय झालं? आपण श्रोते झालो. साठी उलटली की माणसाला पुढच्या रांगेत खुर्ची मिळते, शाल-श्रीफळ मिळतं, पण वाद्य मिळत नाही. बायकांच्या हाती तर भजनातही पुष्कळदा टाळच. पखवाजावर बसणारी आजी तुम्ही किती पाहिल्यात?

आमच्या गटात आम्ही आठ मात्रांचा साधा भजनी ठेका घेतो, तोही सावकाश. वयाबरोबर माणसाची आपली अशी लय जराशी मंदावते, तिला पळवण्यात अर्थ नाही. मात्रा वाटून देतो. सम, म्हणजे पहिली मात्रा, चौघांची, तिसरी दोघींची, असं. पाचवी मात्रा एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांची. बायको गेल्यापासून कुणाशी फारसं बोलत नसत. मुलीने जबरदस्तीने आणून बसवलं होतं. "मला तालाचं काही कळत नाही," म्हणाले. म्हटलं, "कळू नका, पाचवर एक थाप मारा." तर एका गुरुवारी ते आले नाहीत. ठेका सुरू झाला आणि दर आवर्तनाला पाचव्या जागी खड्डा. सगळे तिथे अडखळायला लागले. शेवटी एका काकूंनी दिमडी, म्हणजे छोटा डफ, खाली ठेवली, फोन लावला आणि नमस्कारही न म्हणता विचारलं, "अहो, पाचवी कुठेय?" सर्दी झाली होती. अर्ध्या तासाने मफलर गुंडाळून आले. तुमच्या संघात कुणी महिनाभर आलं नाही, तर किती दिवसांनी कळतं हो? मी दोष देत नाही, नुसतं विचारतेय.

आता थोडं कामाचं. पुण्याच्या ढोल-ताशा पथकांसारखं आपल्याला वाजवायचं नाहीये. पथकासमोर आवाज शंभर डेसिबलच्या वर सहज जातो. कानांना 85 डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे शंभरला जेमतेम पाव तास. म्हणून आम्ही ताशा आणि काठीने वाजवायचा ढोल घेतलेलाच नाही. खाली जाड सतरंजी, खिडक्यांना पडदे. श्रवणयंत्र असेल त्यांनी आवाज आधी कमी करायचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तळव्याला काळंनिळं होतं, त्यांना मऊ टोकाची काठी देते. बोटांचे सांधे दुखत असतील त्यांना मोठा व्यायामाचा चेंडू घमेल्यात बसवून देते, त्यावर दोन काठ्या. दिसायला चमत्कारिक, पण आवाज छान घुमतो आणि धक्का चेंडूच खातो. अंगठ्या मात्र काढायच्याच. मागे एका हिऱ्याच्या अंगठीने माझी नवी दिमडी फाडली. दिमडी म्हणजे घोरपडीचं कातडं असं ज्यांना आठवतंय त्यांच्यासाठी: घोरपडीला कायद्याने संरक्षण आहे, आमच्या दिमड्या प्लॅस्टिकच्या पानाच्या. पावसाळ्यात उतरत नाहीत, हाही फायदा.

बोलणं पुरे. त्या कोपऱ्यातल्या दोन खोक्यांत चोवीस वाद्यं आहेत. खुर्च्यांचा गोल करा, चहा नंतर मिळणार आहे. सेक्रेटरीसाहेब, तुम्ही फोटो नका काढू, इकडे बसा, तुमच्याकडे तिसरी मात्रा. पाचवी कोण घेतंय?