क्षय, प्लेटा आणि लॅम्डा

नमस्कार. आधी एक खुलासा करतो, कारण मघाशी बाहेर चहा घेताना एका आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं की क्षयावर आता चांगली औषधं आली आहेत ना, मग अजून व्याख्यानं कशाला. आजोबा, तो क्षय नाही हो! बोर्डावर ‘हायपरन्यूक्लियसचा क्षय’ असं लिहिलंय, तर हा अणूच्या पोटातल्या केंद्रकाचा क्षय, म्हणजे ते फुटतं कसं, किती वेळाने फुटतं, आणि फुटताना बाहेर काय काय येतं. खोकला वगैरे काही नाही. तुम्ही तरीही पहिल्या रांगेत येऊन बसलात, त्याचा मला खरंच आनंद आहे.

केंद्रकात प्रोटॉन आणि न्यूट्रॉन असतात, हे शाळेत झालंय सगळ्यांचं. आता लग्नाची पंगत डोळ्यासमोर आणा. प्रोटॉनची एक पंगत, न्यूट्रॉनची दुसरी. पाट आतून बाहेर भरत येतात आणि एका पाटावर दोघांनी बसायचं नाही, हा पाउली साहेबांचा, म्हणजे वोल्फगांग पाउली या भौतिकशास्त्रज्ञाचा नियम, तो कुणालाच मोडता येत नाही, अगदी वरपक्षालासुद्धा. अशा भरलेल्या मांडवात एक तिसराच पाहुणा येतो, लॅम्डा. हा प्रोटॉनचा सख्खा चुलतभाऊच म्हणा, फक्त त्याच्या पोटात एक स्ट्रेंज क्वार्क (क्वार्क म्हणजे प्रोटॉनच्याही आतले कण) असतो आणि वजन सुमारे १११६ एमईव्ही (आम्ही वजन आणि ऊर्जा दोन्ही याच मापात मोजतो), म्हणजे प्रोटॉनपेक्षा साधारण एकोणीस टक्के जास्त. याची जातच वेगळी, त्यामुळे दोन्ही पंगती भरलेल्या असल्या तरी याला कोणी अडवत नाही, हा सरळ सगळ्यात आतल्या पाटावर जाऊन बसतो. असा लॅम्डा बसलेलं केंद्रक म्हणजे हायपरन्यूक्लियस. बरं, नुसता बसत नाही, बाकीच्यांना जवळ ओढतो. लिथियमच्या एका हायपरन्यूक्लियसमध्ये, २००१ साली जपानमध्ये मोजलं, आतल्या हेलियम आणि ड्युटेरॉन (एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन यांची जोडी) यांच्यातलं अंतर लॅम्डामुळे सुमारे १९ टक्क्यांनी कमी झालं होतं. घरात एखादी आत्या आली की रुसलेले दोघं बोलायला लागतात ना, तसं.

पंगत लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे यायचंय. आधी हे सापडलं कसं ते सांगतो, कारण माझा जीव त्यात आहे.

साल १९५२, गाव वॉर्सा. लढाईत ते शहर जवळजवळ जमीनदोस्त झालं होतं, आठच वर्षं झाली होती. मोठं यंत्र नाही, प्रवेगक नाही. मारियान दानिश आणि येझी प्निएवस्की हे दोन पोलिश शास्त्रज्ञ, मायक्रोस्कोप आणि इमल्शनच्या प्लेटा, एवढंच. इमल्शन म्हणजे फोटोच्या फिल्मवर असतो तोच माल, जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण, फक्त थर खूप जाड. ही प्लेट फुग्याला बांधून वर सोडायची, साधारण २६ किलोमीटर, तिथे अवकाशातून येणारे कॉस्मिक किरण तिच्यातून जातात, आणि खाली आणून डेव्हलप केली की विद्युतभार असलेला प्रत्येक कण जिथून गेला तिथे काळ्या ठिपक्यांची रेघ उमटलेली असते. कुठे एखादं केंद्रक फुटलं असेल तर एका बिंदूतून चहूकडे रेघा, त्याला आम्ही स्टार म्हणतो.

तर त्या प्लेटेत त्यांना एक मोठा स्टार दिसला, आणि त्याच्यातून निघालेल्या एका जाड, आखूड रेघेच्या टोकाला दुसरा स्टार! म्हणजे फुटलेल्या केंद्रकाचा एक तुकडा उडाला, थोडं अंतर गेला, मंदावला, जवळजवळ थांबला, आणि मग फुटला. आता तुम्ही म्हणाल त्यात काय, दिवाळीत रॉकेट पण वर जाऊन मगच फुटतं. पण केंद्रकात एवढी मोठी ऊर्जा कोंबली तर ते थांबत नाही हो, एका सेकंदाचे एकावर बावीस शून्य एवढे भाग केले तर त्यातला एखादा भाग, तेवढ्यात सगळं संपतं. तो तुकडा मात्र त्या हिशेबाने युगानुयुगं थांबला. एवढी ऊर्जा पोटात घेऊन इतका वेळ शांत कोण बसू शकतं? तर त्या काळी नव्याने माहीत झालेला लॅम्डा. त्याचा स्ट्रेंज क्वार्क स्ट्राँग बलाला, म्हणजे केंद्रक बांधून ठेवणाऱ्या बलाला, बदलता येत नाही, ते काम फक्त वीक बलाचं, आणि वीक बल सावकाश चालतं. सुटा लॅम्डा सरासरी २६३ पिकोसेकंद जगतो. सेकंदाचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे पिकोसेकंद. तुम्हाला हे क्षणभंगुर वाटेल पण केंद्रकाच्या घड्याळात हे दीर्घायुष्य आहे. १९५३ साली त्यांनी हे छापलं, एका स्टारवर, एकाच. आणि ते बरोबर होतं.

आता मला जे बोलायचं आहे ते हेच की हे कोणीतरी बसून पाहिलं. डोळ्यांनी. स्कॅनिंग म्हणजे काय ते मी सांगतो, मी केलंय. एमएस्सीनंतर मी एका संस्थेत (नाव घेत नाही) काही महिने प्लेटा बघायला होतो. सकाळी मायक्रोस्कोपवर बसायचं, प्लेटेचा एक बारीक चौकोन घ्यायचा, फोकस वरून खाली न्यायचा, थराच्या तळापर्यंत, मग शेजारचा चौकोन, परत वरून खाली. डोळे जळजळायचे, मान धरायची, संध्याकाळी बसमध्ये डोळे मिटले तरी काळे ठिपके दिसायचे. माझ्या शेजारी एक ताई बसायच्या, त्या किती वर्षं ते काम करत होत्या कोण जाणे, त्यांच्याकडे पदवी नव्हती पण रेघ बघून त्या सांगायच्या की हा प्रोटॉन नाही, हा पायॉन (प्रोटॉनपेक्षा बराच हलका कण) आहे, बघ टोकाकडे कसा वळवळतो. मी आकडेमोड करून दोन तासांनी त्याच उत्तराला पोहोचायचो. जगभर हे काम मुख्यतः बायकांनी केलंय. ब्रिस्टलला पॉवेल यांच्या गटात पायॉनची पहिली घटना १९४७ मध्ये मारिएटा कुर्झ या स्कॅनिंग करणाऱ्या मुलीने टिपली होती, पॉवेल यांना १९५० चं नोबेल मिळालं, आणि कुर्झ हे नाव इथे आज किती जणांनी ऐकलं होतं? हात वर करा. बघा. आपल्याकडे बिभा चौधुरी, देवेंद्रमोहन बोस यांच्याबरोबर दार्जिलिंगच्या डोंगरात प्लेटा ठेवून कॉस्मिक किरण बघत होत्या, तेही दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, नंतर त्या मुंबईला टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्या. आणि टीआयएफआर म्हणजे तेव्हा कुलाब्याची आजची इमारत नव्हे, अपोलो बंदरवरचा जुना यॉट क्लब! तिथे बर्नार्ड पीटर्स, देवेंद्र लाल, यश पाल ही मंडळी इमल्शनचे गठ्ठे लावून के-मेसॉन, स्ट्रेंज क्वार्क असलेला आणखी एक कण, शोधत होती. गेटवेला फिरायला जाता ना, तर एकदा मान वळवून त्या बाजूला बघा.

हां, तर त्या संस्थेतल्या प्लेटा. काही वर्षांनी मी तिकडे सहज गेलो तर खोली रिकामी, तिथे फोटोकॉपीचं मशीन. प्लेटा कुठे गेल्या विचारलं तर म्हणे भंगारात, चांदी निघते ना त्यातून. चांदी! मी तिथेच खुर्चीवर बसलो. ताईंनी त्या प्लेटांचा जेमतेम काही भाग पाहिला होता, बाकीचा कोणीच पाहिला नव्हता. जे पाहिलं तेसुद्धा एकच प्रश्न मनात ठेवून पाहिलं होतं. आणि प्लेट कधी एका प्रश्नासाठी नसते, तिच्यात त्या दिवशी जे जे गेलं ते सगळं असतं. ज्यांना ही भावनेची गोष्ट वाटते त्यांच्यासाठी पुढचं सांगतो, नीट ऐका.

जपानमध्ये गिफू नावाचं शहर आहे, तिथल्या विद्यापीठात काझुमा नाकाझावा यांच्या गटाने इमल्शन सोडलं नाही. सगळं जग इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरकडे गेलं, हे प्लेटा ओततच राहिले. २००१ साली त्यांना एक घटना मिळाली, एकामागे एक तीन स्टार, एकाच केंद्रकात दोन लॅम्डा बसलेले, हेलियमचं केंद्रक. दोन लॅम्डा एकमेकांना ओढतात का आणि किती, हे त्या एका चित्रातून कळलं: ओढतात, पण हलकेच, एक एमईव्हीपेक्षा कमी. त्या घटनेला त्यांनी नाव दिलं ‘नागारा’, त्यांच्या गावच्या नदीचं. त्या नदीत रात्री मशाली लावून पाणकावळ्यांकडून मासे पकडवतात, जुनी प्रथा आहे. मग पुढच्या घटनांना किसो, इबुकी, मिनो, आसपासच्या नद्या, डोंगर, मुलूख. मला हे फार आवडतं. आपल्याकडे कोणाला सापडलं तर ‘इंद्रायणी’ ठेवायला काय हरकत आहे?

मग २०१६-१७ मध्ये तोकाईच्या जे-पार्क केंद्रात त्यांनी दोन टनांच्या आसपास इमल्शन के-मेसॉनच्या झोतात ठेवलं, प्रयोगाचं नाव ई-०७, शोध होता दोन स्ट्रेंज क्वार्कवाल्या केंद्रकांचा. पण त्याच प्लेटांमध्ये, न मागता, साधे एका लॅम्डाचे हायपरन्यूक्लियस पण पडलेले असणारच. ते कोण शोधणार, एवढं डोळ्यांनी बघायला जन्म पुरे पडणार नाहीत. म्हणून मशीन लर्निंग. पण मशीनला शिकवायला नमुना चित्रं लागतात, आणि खरी चित्रं तर हातात नव्हतीच, मग त्यांनी कॉम्प्युटरवर खोट्या प्लेटा तयार केल्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या, त्यावर मशीनला शिकवलं. २०२१ मध्ये त्यातून हायपरट्रायटॉन सापडला, म्हणजे एक प्रोटॉन, एक न्यूट्रॉन, एक लॅम्डा, सगळ्यात हलका हायपरन्यूक्लियस. हेलियम-३ चा एवढासा जाड ठिपका आणि त्यातून निघालेली पायॉनची सुमारे २८ मिलिमीटर लांब, बारीक रेघ. दुसऱ्याच कामासाठी ठेवलेल्या प्लेटेत! आता सांगा, चांदी किती किलो मिळाली असेल त्या भंगारात?

समोरून घड्याळ दाखवताहेत. किती, दहा मिनिटं? आठ. बरं. अरे, अजून क्षयावर तर आलोच नाही! आजोबा, आता पटापट.

पंगतीकडे या. सुटा लॅम्डा फुटतो तेव्हा एक न्यूक्लिऑन (म्हणजे प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन) आणि एक पायॉन देतो, शंभरात चौसष्ट वेळा प्रोटॉन आणि ऋण पायॉन, बाकी न्यूट्रॉन आणि शून्य भाराचा पायॉन. त्यात न्यूक्लिऑनच्या वाट्याला जेमतेम ५ एमईव्ही येतात, त्याचा संवेग १०० च्या आसपास, आणि मोठ्या केंद्रकात त्याच मापाने २७० संवेगापर्यंतचे सगळे पाट भरलेले. म्हणजे नवीन जन्मलेल्या प्रोटॉनला बसायला जागाच नाही, आणि जागा नाही तर पाउलींचा नियम म्हणतो की जन्मायचंच नाही. म्हणून हा मार्ग जड केंद्रकात जवळपास बंद पडतो. मग लॅम्डा अमर होतो का? नाही, तो दुसरी वाट काढतो, शेजारच्या न्यूक्लिऑनला धडकून दोघंही न्यूक्लिऑन होतात, पायॉन नाहीच, सुमारे १७६ एमईव्ही सुटतात आणि ते दोघं सगळ्या पंगतींवरून उडी मारून मांडवाबाहेर. ही नॉन-मेसॉनिक, म्हणजे पायॉनविना, वाट बाहेर कुठेच दिसत नाही, फक्त हायपरन्यूक्लियसमध्ये, आणि म्हणूनच एवढा खटाटोप. गंमत म्हणजे कार्बनपासून लोखंडापर्यंत गेलात तरी आयुष्य २०० पिकोसेकंदांच्या थोडं वरच राहतं, शेजारी वाढले म्हणून लॅम्डा लवकर मरत नाही, कारण त्याला अगदी खेटून बसलेलाच शेजारी कामाचा.

आता भांडण कुठे होतं, तर तो शेजारी न्यूट्रॉन किती वेळा आणि प्रोटॉन किती वेळा. थिअरीवाले साध्या हिशेबाने सांगायचे, न्यूट्रॉनचं प्रोटॉनशी हे गुणोत्तर ०.१ च्या आसपास. प्रयोगवाले म्हणायचे १ किंवा जास्तच. अनेक वर्षं हे चाललं, आणि बोलणी थिअरीवाल्यांनी खाल्ली. पण प्रयोगात व्हायचं काय, तर प्रोटॉन मोजायचे आणि जे दिसले नाहीत ते न्यूट्रॉनच्या खात्यावर. प्रोटॉन बाहेर पडताना वाटेत धडकून मंदावला, काउंटरला दिसला नाही, की झाला न्यूट्रॉन! जपानच्या केईके प्रयोगशाळेत मग दोन्ही कण एकदम, पाठीला पाठ लावून विरुद्ध दिशांना जाताना मोजले, आणि २००६ च्या सुमारास उत्तर आलं हेलियममध्ये ०.४५ आणि कार्बनमध्ये ०.५१ च्या आसपास. थिअरीवाल्यांनीही मधल्या काळात पायॉनबरोबर केऑनची, म्हणजे के-मेसॉनची देवाणघेवाण धरली आणि तेही त्याच भागात आले. म्हणजे दोघंही थोडे थोडे चुकले होते. न पाहिलेलं गृहीत धरायचं नाही, हे आमच्या ताई रोज सांगायच्या.

शेवटचं, हायपरट्रायटॉनचं आयुष्य, दोनच मिनिटं. यात लॅम्डा इतका सैल बसलेला आहे, बांधणी जेमतेम ०.१ एमईव्हीच्या आसपास, की तो जवळपास सुटाच, म्हणून आयुष्य पण सुट्या लॅम्डाएवढंच यायला हवं. तर २०१० पासून जड आयनांच्या टकरींतून आकडे यायला लागले १८० पिकोसेकंदांच्या आसपास, २०१८ ला अमेरिकेच्या स्टार प्रयोगातून (हे प्रयोगाचं नाव, आपला रेघांचा स्टार नव्हे) तर १४२. सगळे हादरले. मग सर्नच्या अॅलिस प्रयोगाने, त्यात आपल्या आयआयटी मुंबईचाही गट आहे, २०२३ मध्ये २५३ छापला, चूक अकरा-बाराची, म्हणजे सुट्या लॅम्डाच्या २६३ शी जुळणारा. बांधणीचा आकडा मात्र अजून पक्का नाही, वेगवेगळे प्रयोग वेगवेगळं सांगतात, आणि तो पक्का करायला आता कोणाकडे बघतात? ई-०७ च्या प्लेटांकडे. त्या जपून ठेवल्या आहेत म्हणून.

हो, संपवतो. फक्त एक, त्या भंगारवाल्याच्या गोदामात मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो आणि मला एक प्लेट मिळाली, एका कोपऱ्याला तडा गेलेली. ती आज आणलीये. जिन्याशेजारच्या टेबलावर मायक्रोस्कोप लावून ठेवलाय, फोकस वरून खाली हळूहळू न्या. रांगेने या, घाई नको, काचेला बोट लावू नका. आजोबा, पहिले तुम्ही.