संमतीवाचून दाखल झालेल्यांचे हक्क आणि भरपाई

नमस्कार, श्रोतेहो. ‘त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं’ असे आपल्याकडे इतक्या सहजपणे म्हटले जाते, की त्यातल्या ‘टाकलं’ या क्रियापदाकडे कुणाचे लक्षच जात नाही. टाकताना कायदा पाळला गेला होता का, आणि नसेल तर त्या माणसाला भरपाई कोण देणार, याविषयी आज बोलायचे आहे.

२९ मे २०१८ पासून अमलात असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार प्रौढ व्यक्तीला तिच्या संमतीवाचून दाखल करण्यास केवळ घरच्यांची इच्छा पुरत नाही. नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलण्यासाठी ठरलेल्या व्यक्तीचा, अर्ज लागतो. शिवाय दोन तज्ज्ञांनी, ज्यांतील एक मनोविकारतज्ज्ञच असावा लागतो, त्याच दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत रुग्णाला स्वतंत्रपणे तपासून, त्याच्या जिवाला वा इतरांना धोका आहे किंवा तो स्वतःची काळजीच घेऊ शकत नाही, असा निष्कर्ष काढावा लागतो. असा प्रवेश जास्तीत जास्त ३० दिवसांचा असतो. त्याची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे असे प्रवेश तपासणाऱ्या कायदेशीर मंडळाला, स्त्री रुग्णाबाबत तीन, तर पुरुषाबाबत सात दिवसांत द्यावी लागते. रुग्ण मंडळाकडे दाद मागू शकतो. त्यासाठी वकील मोफत मिळतो आणि हे रुग्णाला सांगणे हे रुग्णालयप्रमुखाचे कर्तव्य आहे.

भरपाईच्या बाबतीत मात्र हा कायदा मुका आहे. त्यात पहिल्या उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड आहे खरा. पण दंड सरकारी तिजोरीत जातो, कोंडलेल्या माणसाच्या हाती काही पडत नाही. म्हणून शासकीय यंत्रणेची चूक असेल तेव्हा उच्च न्यायालयात, जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क देणाऱ्या घटनेच्या अनुच्छेद २१ च्या आधारे जावे लागते. ही वाट १९८३ साली रुदुल साह खटल्याने रुंद केली. १९६८ मध्ये निर्दोष ठरलेला हा माणूस १९८२ पर्यंत बिहारमधील मुझफ्फरपूरच्या तुरुंगातच राहिला आणि बिहार सरकारचा बचाव काय, तर तो वेडा होता! सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने हा बचाव अमान्य करून, आधी दिलेल्या पाच हजारांव्यतिरिक्त तीस हजार रुपये देण्याचा आदेश दिला आणि वेगळा दावा लावण्याची मुभाही ठेवली. चौदा वर्षांच्या मानाने रक्कम तुटपुंजीच. पण रिट अर्जावर, म्हणजे मूलभूत हक्कांसाठी थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या अर्जावर, पैसेही मिळू शकतात, हे तिथे ठरले.

खासगी रुग्णालयाने पैसे घेऊन सेवेत कसूर केली असेल, तर ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांत तक्रार करता येते. बेकायदा कोंडून ठेवल्याबद्दल दिवाणी दाव्याची मुदत मात्र सुटकेपासून एकच वर्ष असते, आणि सुटून आलेल्या माणसाचे ते वर्ष बहुधा सावरण्यातच जाते. मनाची अवस्था ठीक नसल्यास मुदतीत सूट आहे, पण जो ‘मला काही झालेलेच नव्हते’ असे सांगतो, त्याला ती सूट मागताना अवघडच जाते.

कोणतीही वाट धरली, तरी आधी कागद लागतात: अर्जावर सही कुणाची, तपासण्या कोणत्या तारखांना झाल्या, मंडळाला केव्हा कळवले. हे वैद्यकीय दस्तऐवज पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे. गंभीर मानसिक हानीच्या भीतीने एखादी माहिती रोखली गेलीच, तर तीसाठी मंडळाकडे अर्ज करता येतो, आणि रुग्णालयाने हे स्वतःहून सांगायचे असते.