जँगोवरचे आक्षेप आणि जिनिंगचा काटा

मित्रहो, मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत मला एकच प्रश्न विचारला, की जँगो (पायथॉन भाषेत वेबसाइट उभारण्याचा तयार सांगाडा) जड आहे, संथ आहे आणि आता जुना झाला आहे असे जो तो म्हणत असताना आम्ही तो का शिकावा. त्याचे उत्तर मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावरून देणार आहे, कारण मला जँगो तिथेच खऱ्या अर्थाने कळला.

जडपणाचे मूळ त्याच्या जन्मात आहे. 2003 साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, तिथल्या दैनिकाच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी हे काम सुरू केले आणि 2005 च्या जुलैत ते सर्वांसाठी खुले झाले. (नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे, स्पेलिंगमधला डी मूक असतो, देवनागरीत ती कटकटच नाही.) वृत्तपत्राला काही तासांत नवे पान उभे करून हवे असे, म्हणून लॉगिन, फॉर्म, डेटाबेस आणि संपादकांना मजकूर भरता यावा यासाठी ॲडमिन, हे सगळे आधीपासून हाताशी ठेवले गेले. ज्याला दोनच पाने हवीत त्याने खुशाल फ्लास्क हा पायथॉनचाच हलका सांगाडा घ्यावा. मात्र फ्लास्कला एकेक पुरवणी जोडत शेवटी घरगुती जँगोच तयार झालेला मी पाहिला आहे, आणि त्याची माहितीपुस्तिका कोणी लिहिलेली नसते.

संथपणाची तक्रार अधिक विचार करण्याजोगी आहे. आपल्या तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी मी कापसाच्या आवकेची नोंदवही केली होती. हंगाम भरात आला आणि दिवसभराच्या गाड्यांचे पान उघडायला इतका वेळ लागू लागला, की दिवाणजींनी पुन्हा कागदाची वही काढली. मीही आधी जँगोलाच दोष दिला. मग पडद्यामागे काय चालते ते दाखवणारा डीबग टूलबार लावून पाहिले, तर 300 गाड्यांच्या पानासाठी 301 क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेले प्रश्न, चालल्या होत्या. टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, मी गाडी, टिंब, कास्तकार, टिंब, नाव एवढेच लिहिले होते; पण त्यातल्या पहिल्या टिंबापाशी प्रत्येक गाडीगणिक एक नवी क्वेरी डेटाबेसकडे जात होती. सिलेक्ट रिलेटेड ही एक सूचना जोडताच दोन्ही तक्ते एकाच क्वेरीत जोडून आले आणि पान लगेच उघडू लागले. चूक माझी होती, हे खरे. तरी डेटाबेसच्या भाषेत, हाताने एसक्यूएल लिहिले असते तर असली चूक करायला मी धजलो नसतो, हेही तितकेच खरे आहे. ओआरएम, म्हणजे आपल्या पायथॉनवरून एसक्यूएल स्वतः तयार करणारा जँगोचा भाग, खर्च झाकून ठेवतो, हा आक्षेप मला म्हणूनच निम्मा मान्य आहे.

जुनेपणाबद्दल फार बोलणार नाही. सर्व्हरवरच तयार झालेले साधे एचटीएमएल पान, नेटवर्कची एकच काडी असलेल्या मोबाइलवर, बांधावर उभ्या असलेल्या कास्तकाराला त्याची काटापट्टी दाखवू शकते; आपल्याकडे मी हा गुणच मानतो. असिंक व्ह्यू, म्हणजे एक काम वाट पाहत असताना दुसरे हाती घेण्याची सोय, 2020 मध्ये, 3.1 या आवृत्तीत आले. ट्रान्झॅक्शन (अनेक नोंदी एक तर सगळ्या होतील, नाही तर एकही नाही, ही हमी) मात्र असिंक पद्धतीत अजून चालत नाहीत, ही उणीव खरी आहे. पण काट्यावर गाड्या एकामागून एकच चढतात.

ज्या आक्षेपाबद्दल मला जँगोची बाजू मुळीच घ्यायची नाही तो यूजर मॉडेलचा, म्हणजे वापरकर्त्याची नोंद ठेवण्याच्या साच्याचा आहे. मुळातले मॉडेल यूजरनेम मागते, आणि आपला कास्तकार ओळख म्हणून मोबाइल नंबर सांगतो. स्वतःचे यूजर मॉडेल सुरुवातीलाच करा, असे जँगोची माहितीपुस्तिका स्वतःच अनेक वर्षे बजावत आली. तसे असेल तर मुळातच तशी सोय का ठेवली नाही, हे मला आजवर पटलेले नाही. मी तो बदल तिसऱ्या महिन्यात, ऐन हंगामात करायला घेतला. तोवर बाकीचे तक्ते जुन्या यूजरला जोडले गेले होते, मायग्रेशन, म्हणजे तक्त्यांच्या रचनेतला बदल, आपोआप होईना, आणि एकेक जोडणी हाताने सोडवण्यात दोन रात्री गेल्या. त्यातल्या एका रात्री लाईनही गेली होती.

आता आपण शेजारच्या प्रयोगशाळेत बसणार आहोत. नवा प्रकल्प उघडल्यावर, पहिल्यांदा मायग्रेट ही तक्ते तयार करणारी आज्ञा देण्याआधी, प्रत्येकाने मला हाक मारावी.