झाकलेली बरणी

नमस्कार. व्याख्यानमालेच्या मंडळींनी तारीख दिली ती नेमकी चैत्री पौर्णिमेच्या चार दिवस आधीची. मी हो म्हणून बसले आणि मग आठवलं, घरी अजून निम्मी भांडी कल्हईवाल्याकडून यायची आहेत. तेव्हा आज जीव थोडा स्वयंपाकघरात अडकलेला असेल, सांभाळून घ्या.

चैत्री पौर्णिमा मुद्दाम म्हटलं. तुमची हनुमान जयंती आणि आम्हा बेने इस्राएलांचा, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांचा, पेसाह हा सण बहुतेक वर्षी हातात हात घालून येतात. २०२५ साली तर १२ एप्रिललाच दोन्ही: पहाटे देवळात मारुतीचा जन्म, संध्याकाळी आमच्याकडे सेदर, म्हणजे पेसाहच्या रात्रीचं विधिवत जेवण. यात चमत्कार काही नाही. दोन्ही पंचांगं चांद्रमासांची, आणि ऋतू सुटू नयेत म्हणून दोन्हीकडे अधिक महिना. पेसाह येतो तो आमच्या निसान महिन्याच्या पंधराव्या तिथीला, म्हणजे पौर्णिमेलाच. आमच्या जुन्या माणसांना हे मेळ चांगले ठाऊक होते. होळीच्या सुमारास येणाऱ्या आमच्या पुरीम सणाला ती सरळ 'होळीचा सण' म्हणत.

आणि पेसाहला? मराठी बायबलमधला 'वल्हांडण' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, ईश्वर संकट धाडताना तिथे गुलामीत असलेल्या इस्राएलांची घरं ओलांडून पुढे गेला, म्हणून वल्हांडण. पण कोकणातले बेने इस्राएल हा शब्द वापरत नव्हते. ते म्हणत, 'अनाशी ढाकाचा सण'. अनास म्हणजे तोंडीलावण्याच्या आंबट पाण्याचं भांडं. ढाकणं म्हणजे झाकणं. आठ दिवस ते भांडं झाकून ठेवायचं, संपला सण. नावात सुटका करणारा मोशे नाही, मिसरचा राजा फारो नाही, दुभंगलेला समुद्र नाही. आहे ती एक बरणी.

यावरून अभ्यासक सांगतात की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागलेले आमचे पूर्वज, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, शतकांच्या ओघात पेसाहची गोष्टच विसरून गेले; उरली ती एक रीत. मला हे वाचून पूर्वी वाईट वाटायचं. आता नाही वाटत, आणि का ते सांगण्यासाठीच मी आज उभी आहे.

पेसाहमध्ये जे वर्ज्य असतं त्याला हिब्रूत 'हामेत्झ' म्हणतात. गहू, जव अशा पाच धान्यांचं पीठ पाण्यात भिजून फुगलं की ते हामेत्झ. पाव गेला, बिस्किटं गेली, बिअर गेली. आता याच धातूपासून हिब्रूत आणखी एक शब्द आहे, 'होमेत्झ'. त्याचा अर्थ शिरका, व्हिनेगर. म्हणजे हिब्रूला फुगणं आणि आंबट होणं या एकाच घरच्या गोष्टी वाटतात. आणि मराठीला? आपणही पीठ 'आंबवतो', आणि कैरीही 'आंबट' असते! ज्या कुणा बाईने पहिल्यांदा आंबट पाण्याच्या भांड्यावर झाकण ठेवून त्यावरून सणाला नाव दिलं, तिला हिब्रूचा एक शब्द येत नसेल. तरी तिने जे केलं ते जवळजवळ भाषांतरच आहे. पंडिताला याहून नेमका मराठी शब्द सापडला असता का, मला शंका आहे. ती गोष्ट विसरली असेल; पण गोष्टीतलं पथ्य तिने सोडलं नव्हतं.

गोष्ट परत आली ती छापखान्यातून. मुंबईत मांडवीला १७९६ साली आमचं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभं राहिलं, पुढे मिशनऱ्यांच्या शाळांतून मुलं हिब्रू शिकली, आणि १८४६ साली मुंबईत हग्गादा शिळाछापावर निघाला, हिब्रू आणि मराठी दोन्हीत. हग्गादा म्हणजे सेदरच्या रात्री वाचायची पोथी. १८७४ साली पुण्यात दुसरा छापला गेला. त्यातलं एक चित्र मला फार आवडतं. बायका मात्झा, म्हणजे बिनखमिराची रोटी, करायला बसल्या आहेत, आणि त्या साडीत आहेत. चित्रकाराला युरोपातल्या नमुन्यावरच्या बायका तशाच उतरवता आल्या असत्या. त्याने समोरच्या बघितल्या.

मात्झाचं काम घाईचं. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत रोटी भाजून व्हायला हवी, नाहीतर पीठ फुगायला लागलं असं धरतात. माझी आजी त्या वेळात कुणाशी बोलत नसे. आता इस्राएलहून खोकी येतात, चवीला पुठ्ठा, पण निर्धास्त. भाताचं मात्र आमचं भाग्य थोर. युरोपातल्या बहुतेक यहुद्यांना पेसाहात तांदूळ चालत नाही; आम्हाला चालतो. कोकणातल्या माणसाला आठ दिवस भाताविना ठेवणारा धर्म तिथे टिकला असता का, हा माझा खाजगी प्रश्न. फक्त तांदूळ दाणा दाणा निवडायचा, चुकून गव्हाचा कण राहायला नको.

घराला चुना, भांड्यांना कल्हई, नवे मसाले कुटून वेगळे बांधून ठेवायचे. आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन कोपरे धुंडाळायचे, सापडलेला तुकडा सकाळी जाळायचा. खजूर भिजवून, शिजवून, गाळून दाट शिरा करायचा. शिरा म्हटल्यावर रव्याचा समजू नका, हा खजुराचा पाक. गुलामीत मळलेल्या चिखलाची ती आठवण. आम्ही मुलं तो चिखल बोटांनी चाटायचो. द्राक्षारस म्हणून मनुका भिजवून पिळलेलं सरबत. आणि काही घरांत आणखी एक रीत: बकऱ्याच्या रक्तात तळहात बुडवून पांढऱ्या कागदावर उमटवायचा आणि तो कागद दारावर लावायचा. मिसरातल्या त्या रात्री चौकटींना रक्त लावलं होतं, त्याची ही खूण. आमच्या शेजारणीला हळदीकुंकवाच्या हातांची सवय होती, तिने कधी काही विचारलं नाही.

रात्री डावीकडे लोडाला टेकून बसायचं, कारण गुलाम टेकून जेवत नाहीत. सगळ्यांत धाकट्याने विचारायचं, ही रात्र इतर रात्रींहून वेगळी का? एक पेला एलियाहू हन्नाबीसाठी, म्हणजे एलिया संदेष्ट्यासाठी, भरून ठेवायचा. हा आमचा जवळचा माणूस. नवस फेडायला मलिदा करतो तो त्याच्याच नावाने, आणि अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. त्यामुळे दार उघडून त्याला हाक मारताना परक्याला बोलावतोय असं वाटत नाही.

शेवटी म्हणायचं, 'पुढच्या वर्षी यरुशलेममध्ये.' आमच्यातले बहुतेक १९४८ नंतर खरंच गेले. आता महाराष्ट्रात काही हजारच उरलोत. माझी बहीण इस्राएलमधल्या अश्दोदला असते. तिकडे पेसाह सात दिवसांचा, इकडे आठ. त्यामुळे आमच्या आठव्या दिवशी भाचा फोनवर येतो, कॅमेऱ्यासमोर गरम पावाचा तुकडा मोडतो आणि विचारतो, "मावशी, बरणी उघडली का?"

संध्याकाळी उघडते, म्हणते मी. अजून तारे दिसले नाहीत.