आखणी शेवटच्या सत्रापासून

नमस्कार. तुमचं पहिलं सत्र नुकतंच सुरू झालंय आणि मी आज चौथ्या, म्हणजे शेवटच्या सत्राबद्दल बोलायला उभी आहे. तरीही ही घाई नाही. व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा मोठा भाग आधीच ठरलेला असतो: लेखा, वित्त, विपणन, संख्याशास्त्र, संघटन. विद्यार्थ्यानं स्वतः ठरवायच्या गोष्टी तीनच उरतात. ऐच्छिक विषय कोणते घ्यायचे, एखादं सत्र परदेशी विद्यापीठात काढायचं का, आणि इंटर्नशिप कुठे आणि कधी करायची. या तिन्हींचे अर्ज वेगवेगळ्या टेबलांवर जातात. विषयांची नोंदणी अभ्यासक्रम कार्यालयात, परदेशातलं सत्र आंतरराष्ट्रीय कक्षात, इंटर्नशिप प्लेसमेंट कक्षात. प्रत्येकाची मुदत वेगळी, फॉर्म वेगळा, माणसंही वेगळी. तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून पाहणं हे कोणाच्याच कामात बसत नाही, म्हणून ते तुम्हालाच करावं लागतं. आणि मांडले की लगेच दिसतं, हे तीन निर्णय नाहीतच. ते एकच वेळापत्रक आहे.

आपल्याकडे ‘आधी कळस, मग पाया’ ही उलट्या कामाची खूण मानतात. आखणीपुरता मात्र मला तोच क्रम बरोबर वाटतो. शेवटचं सत्र संपताना हातात काय असायला हवं ते आधी लिहा: कोणत्या क्षेत्रातलं काम, कोणत्या देशात, प्रबंध कशावर. तिथून एकेक सत्र मागे या. ठाम उत्तर नसेल तर दोन पर्याय लिहा, पण कोरा कागद ठेवू नका.

मागे येताना पहिली गाठ पडते ती इंटर्नशिपच्या भरतीशी. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या एमबीएचं उदाहरण घ्या. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या उन्हाळ्यात दहा-बारा आठवड्यांची इंटर्नशिप असते, आणि पुढची कायमची नोकरी अनेकदा तिच्यातूनच मिळते. सल्लागार कंपन्या आणि गुंतवणूक बँका कॅम्पसवर यायला लागतात पहिल्याच सत्रात. मुलाखती जानेवारीच्या आसपास, काही ठिकाणी त्याहूनही आधी होतात. म्हणजे मुलाखतीला बसताना तुमच्या गाठीला जेमतेम एक सत्र असतं. दुसऱ्या वर्षासाठी हौसेनं राखून ठेवलेला ‘विलीनीकरण आणि अधिग्रहण’ हा विषय तिथे काहीच कामाचा नाही. मुलाखत घेणारा ताळेबंद समोर ठेवतो आणि रोख प्रवाह वाचायला सांगतो. त्याचं उत्तर पाठ्यक्रमातल्या मूळ विषयांतूनच द्यावं लागतं. पहिल्या वर्षी एखादा ऐच्छिक विषय घ्यायची मुभा असेल, तर तो इंटर्नशिपच्या दृष्टीनं घ्या. आवडीच्या बाकीच्या विषयांना पुढे वेळ आहे.

दुसरी गाठ कॅलेंडरची. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडलेल्या मी पाहते.

समजा तुमच्या विद्यापीठाची सत्रं ऑगस्टअखेर ते डिसेंबर आणि जानेवारी ते मे अशी आहेत. तुम्हाला एक सत्र जर्मनीत काढायचंय. तिथल्या बहुतेक विद्यापीठांत हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला आणि उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं. प्रत्यक्ष वर्ग साधारण पंधरा दिवसांनी भरतात आणि अनुक्रमे फेब्रुवारी आणि जुलैपर्यंत चालतात. परीक्षा त्यानंतर. दुसऱ्या सत्रात गेलात तर जानेवारी ते मार्च हात रिकामे, आणि जुलैअखेर परीक्षा. जूनमध्ये सुरू होणारी उन्हाळी इंटर्नशिप गेलीच. बरं, तिसऱ्या सत्रात जाऊ म्हणाल, तर इंटर्नशिप नीट पार पडते, पण परीक्षा फेब्रुवारीत आणि तुमचं चौथं सत्र जानेवारीतच सुरू झालेलं. दोन्हीकडून पंचाईत.

यातून वाट निघते, फक्त ती आधी शोधावी लागते. मॅनहाइम विद्यापीठानं आपली सत्रं सप्टेंबर आणि फेब्रुवारीत सुरू होतील अशी बसवून घेतली आहेत. इतर देशांच्या कॅलेंडरशी जुळतील म्हणूनच. तिथलं सप्टेंबर ते डिसेंबरचं सत्र वरच्या उदाहरणात चपखल बसतं. ऑस्ट्रेलियातलं दुसरं सत्र साधारण जुलैअखेर सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं. शेवट छान जुळतो, पण सुरुवात इंटर्नशिपच्या अखेरच्या आठवड्यांवर येते. तिथे कंपनीशी तारखांचं आधी बोलून घ्यावं लागतं. आणि कुणाला एप्रिलच्याच सत्राला जायचं असेल, तर जानेवारी ते मार्चच्या मोकळ्या काळातच इंटर्नशिप बसवता येते का ते बघावं. त्यामुळे भागीदार विद्यापीठांची यादी हातात आली की आधी नाव आणि क्रमवारी बघू नका. आधी वर्ग कधी सुरू होतात आणि शेवटचा पेपर कधी असतो या दोन तारखा बघा. निम्मी यादी तिथेच गळते.

आता क्रेडिट. युरोपातल्या पद्धतीत पूर्णवेळ वर्षाला ६० क्रेडिट, म्हणजे सत्राला ३०, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचं काम धरलेलं असतं. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी साधारणपणे १२० क्रेडिटची. परदेशात मिळवलेले क्रेडिट आपोआप तुमच्या पदवीत जमा होत नाहीत. त्यासाठी लर्निंग ॲग्रीमेंट असतं: तिकडचा कोणता विषय इकडच्या कशाच्या जागी धरला जाईल, हे विद्यार्थी आणि दोन्ही विद्यापीठं सह्या करून मान्य करतात. हा कागद तुम्ही मन लावून करावा असं मला फार वाटतं. विषयाचं नाव जुळणं पुरेसं नसतं. ‘स्ट्रॅटेजी’ नावाचा विषय जगभर आहे. तुमच्या प्राध्यापकांना त्याचा आठवड्यागणिक अभ्यासक्रम, तासिका आणि मूल्यमापनाची पद्धत पाहायची असते. ते आधीच मागवून ठेवा. आणि पाच विषयांची मान्यता हवी असेल तर आठ विषयांची घेऊन ठेवा. तिकडे पोचल्यावर एखादा विषय रद्द होतो, दोन विषयांची वेळ एकच येते, एखाद्या वर्गात जागा उरत नाही. मान्यता हातात असली की बदल एका दिवसात होतो.

गुणांचंही तसंच. जर्मनीत सर्वोत्तम श्रेणी १.० आणि उत्तीर्ण होण्याची सीमा ४.०. परदेशी गुण बदलून घेताना तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांमधल्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा. दहापैकी ८ मिळाले आणि उत्तीर्ण व्हायला ४ लागतात, तर श्रेणी येते २.०. तेच ८, पण उत्तीर्ण व्हायला ५ लागत असतील तर २.२. कामगिरी तीच, फरक फक्त तुमच्या गुणपत्रिकेवर किमान गुण काय छापले आहेत याचा. म्हणून गुणपत्रिकेसोबत श्रेणीपद्धतीचं स्पष्टीकरण जोडलेलं आहे ना, हे स्वतः डोळ्यांनी पाहा. काही ठिकाणी परदेशातले गुण सरासरीत धरतच नाहीत, नुसतं ‘उत्तीर्ण’ लिहितात. तसं असेल तर ज्या अवघड विषयाला गुणांच्या भीतीनं हात लावला नसता, तो तिकडे जरूर घ्या.

ऐच्छिक विषयांकडे येऊ. माझं मत सरळ आहे: आधी साधनं, मग क्षेत्रं. विदा-विश्लेषण (डेटा ॲनालिसिस), कंपन्यांचं मूल्यांकन, आर्थिक विवरणांचा सखोल अभ्यास, वाटाघाटी हे साधनांचे विषय. ते लवकर घ्या, कारण ते इंटर्नशिपमध्ये हाताशी येतात आणि पुढच्या विषयांची दारंही उघडतात. चैनीच्या वस्तूंचं व्यवस्थापन, क्रीडाव्यवसाय, आरोग्यसेवा असे क्षेत्रांचे विषय नंतर, इंटर्नशिपमध्ये ते क्षेत्र आतून पाहून झाल्यावर. आणखी एक बघा: कोणता विषय वर्षातून एकदाच शिकवला जातो, आणि त्याला पूर्वअट कोणती. प्रगत मूल्यांकनाला कंपनी वित्त लागतं. प्रगत मूल्यांकन तिसऱ्या सत्रात असेल आणि तुम्ही नेमके तेव्हाच परदेशात असाल, तर तो दोन वर्षांत पुन्हा मिळत नाही.

विषय मिळवण्याची पद्धतही समजून घ्या. काही संस्थांत प्रत्येकाला ठरावीक पॉइंट देतात आणि हव्या त्या विषयावर त्यांची बोली लावावी लागते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये विद्यार्थी आळीपाळीनं एकेक विषय उचलतात अशी रचना होती: पहिल्या फेरीत चिठ्ठीनं आलेल्या क्रमानं, दुसरीत उलट्या क्रमानं. एरिक बुडिश आणि एस्टेल कँतियों या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१२ मध्ये दाखवलं की विद्यार्थी खरी पसंती लिहीत नाहीत, लोकप्रिय विषय मुद्दाम वर ढकलतात. कारण कमी मागणीचा, पण मनातला विषय नंतरही मिळणार असतो. सगळेच असं करायला लागले की लोकप्रिय विषय आणखी लवकर भरतात आणि एकंदरीत सगळ्यांचाच तोटा होतो. अमेरिकेतल्याच व्हॉर्टन बिझनेस स्कूलनं २०१३ पासून बुडिश यांच्याच संशोधनावर बेतलेली ‘कोर्स मॅच’ पद्धत वापरायला सुरुवात केली. तिथे प्रत्येक विषय तुम्हाला किती मोलाचा आहे ते खरं खरं सांगण्यातच तुमचं हित असतं. तुमच्या संस्थेत कोणती पद्धत आहे ते विचारा. एकीकडे डावपेच लागतो, दुसरीकडे प्रामाणिक उत्तर. चुकीच्या पद्धतीत चुकीचं वागलात तर हवा तो विषय हातचा जातो.

आता परवानग्या. हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण विषयांच्या निवडीशी त्याचा थेट संबंध आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच काम करण्याची परवानगी लागते. सर्वसाधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झाल्यावर ती मिळते, ते काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, आणि परवानगी ठरावीक कंपनी व तारखांपुरतीच असते. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा जास्त वापरली, तर ओपीटीचा, म्हणजे पदवीनंतर तिथे काम करण्याच्या परवानगीचा हक्क जातो. ओपीटी १२ महिन्यांची, आणि पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) वर्गात मोडत असेल तर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मिळू शकते. कित्येक संस्थांत हा स्टेम दर्जा पूर्ण पदवीला नसून विशिष्ट शाखेला असतो. म्हणजे पहिल्या वर्षी भरलेल्या एका रकान्यावर पुढची दोन वर्षं अवलंबून असू शकतात.

फ्रान्समध्ये विद्यार्थी, संस्था आणि कंपनी यांच्यात करार झाल्याशिवाय इंटर्नशिप होत नाही. एका शैक्षणिक वर्षात एका ठिकाणी ती सहा महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही, आणि दोन महिन्यांहून अधिक असेल तर मानधन द्यावंच लागतं. करार संस्थेच्या नोंदणीवर उभा असतो, म्हणून नोंदणी संपल्यावर इंटर्नशिप शोधायला निघालेल्याचं गाडं तिथेच थांबतं. जर्मनीत कंपनीचा पहिला प्रश्न असतो, इंटर्नशिप अभ्यासक्रमात अनिवार्य आहे की ऐच्छिक? अनिवार्य असेल तर किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही. ऐच्छिक असेल तर ही सूट तीन महिन्यांपर्यंतच. त्यामुळे चार-सहा महिन्यांच्या जागांसाठी अनिवार्यतेचं पत्र मागतात. ते पत्र मिळण्यासारखं आहे का, हे अर्ज करण्याआधी विचारा. हे नियम बदलत राहतात, तेव्हा वरच्या वर्गातल्या मित्राच्या आठवणीवर विसंबू नका. संस्थेच्या सल्लागाराकडून लेखी उत्तर घ्या.

मग प्रत्येकानं परदेशी सत्र करावंच का? नाही. ज्या सत्रात तुमच्या कॅम्पसवर भरती होते त्याच सत्रात जायचं असेल, आणि मुलाखती दुरून देता येत नसतील, तर मी जाऊ नका म्हणेन. तिकडचे विषय इथल्या विषयांची नुसती पुनरावृत्ती असतील तरीही. पण तिथे एखाद्या विषयाची खरोखर मोठी परंपरा असेल, किंवा त्या देशात पुढे काम करायची तुमची इच्छा असेल, तर जरूर जा, आणि भाषेचे वर्ग आजपासून लावा. विमानात बसण्याआधी दोन महिने सुरू केलेली भाषा दुकानात कामाला येते, बैठकीत नाही. खर्चाचं थोडक्यात: देवाणघेवाणीच्या करारातून गेलात तर साधारणपणे आपल्याच विद्यापीठाची फी भरावी लागते. स्वतंत्रपणे गेलात तर तिकडची फी.

राहिला प्रबंध. इंटर्नशिपमधूनच प्रबंधाचा विषय काढावा असं अनेकांना वाटतं आणि ते योग्यच आहे. खरी माहिती मिळते, कंपनीलाही उपयोग होतो. फक्त क्रम सांभाळा. कंपनी गोपनीयतेच्या करारावर सही मागते, विद्यापीठाला प्रबंध परीक्षकांपुढे ठेवायचा असतो, काही ठिकाणी ग्रंथालयातही. या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येऊ शकतात. म्हणून रुजू होण्याआधी तुमचे मार्गदर्शक आणि कंपनीतला वरिष्ठ यांची एकदा गाठ घालून द्या. कोणते आकडे जसेच्या तसे वापरता येतील, कोणते बदलून द्यायचे, प्रबंध किती काळ बंद ठेवायचा, हे तिथेच ठरवून कागदावर आणा आणि मगच करारावर सही करा.