एंडगेम टेबलबेसची हजेरी: 1,020 फाइल्स कशा सांभाळायच्या

(टेबलावर लॅपटॉप, त्याला जोडलेली एक्स्टर्नल डिस्क. बोलणारा थेट कॅमेऱ्याकडे बघतोय.)

नमस्कार मंडळी. आजचा विषय मोजक्या लोकांचा आहे, पण ज्यांचा आहे त्यांचं डोकं उठवणारा आहे. तुम्ही बुद्धिबळाचं सिझिजी टेबलबेस उतरवून घेतलंत. काही फाइल्स घरच्या वायफायवर आल्या, काही दादरच्या क्लासमधल्या मित्राच्या डिस्कवरून. मध्येच पावसात लाइट गेली, डाउनलोड अडकलं, परत चालू केलं. आता फोल्डरमध्ये फाइल्सचा ढीग आहे आणि प्रश्न एकच: सगळं आलंय का?

ज्यांना टेबलबेस नवीन आहे त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. पटावर राजे धरून मोजकेच मोहरे उरले, की त्या प्रत्येक पोझिशनचा निकाल आधीच काढून ठेवलेला असतो. इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, तिथे विचार करत बसत नाही, तक्ता उघडून बघतं.

हे तक्ते आधीही होते. केन थॉम्प्सनने पाच मोहऱ्यांचे तक्ते सीडीवर आणले. मग नालिमोवचे आले, सहा मोहऱ्यांना साधारण 1.2 टीबी खाणारे. 2012 मध्ये मॉस्को विद्यापीठात सात मोहऱ्यांचे लोमोनोसोव तक्ते तयार झाले, त्यांना जागा लागली 140 टीबी! 2013 मध्ये रोनाल्ड डी मान या माणसाने सिझिजी आणलं आणि सहा मोहऱ्यांचा सगळा पसारा साधारण 160 जीबीत बसवला. कसा? मात किती चालींत हे त्यात साठवतच नाहीत. एका फाइलमध्ये फक्त जिंकणार, हरणार की बरोबरी. दुसरीत पुढची मारामारी, म्हणजे मोहरा मारणं, किंवा प्याद्याची चाल किती लांब आहे ते, कारण पन्नास चालींचा नियम, म्हणजे तेवढ्या चालींत यातलं काही घडलं नाही तर बरोबरी, तिथून नव्याने मोजला जातो. पहिलीच्या नावाचं शेपूट आर-टी-बी-डब्ल्यू, दुसरीचं आर-टी-बी-झेड. म्हणजे एका तक्त्याच्या दोन फाइल्स. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मुद्द्याचं. बहुतेक लोक काय करतात? फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आकार बघायचा. 149 दिसलं की चेहरा पडतो, '11 जीबी गेले कुठे?' कुठेही गेले नाहीत. विंडोज 1,024 च्या पटीत मोजतं आणि डिस्क बनवणारे 1,000 च्या. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेली 2 टीबीची डिस्क घरी लावल्यावर 1.81 दाखवते, तोच हा हिशेब. दुकानदाराशी भांडू नका. पण आकार बघून हजेरी लागत नाही, एवढं यातून घ्या.

हजेरी लागते नावांवरून. या संग्रहाची गंमत म्हणजे पूर्ण यादी कोणाकडून मागावी लागत नाही, ती वहीवर मांडता येते. मोहऱ्यांच्या प्रत्येक जुळणीचा वेगळा तक्ता असतो. राजा सोडला तर मोहऱ्यांचे प्रकार पाच: वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादं. तीन मोहऱ्यांचे तक्ते झाले पाच. चार मोहरे असतील तर दोन्ही जादा मोहरे एकाच बाजूला, असे 15. किंवा एकेक दोन्हीकडे, तेही 15. झाले 30. पाच मोहऱ्यांना एकीकडे तीन असे 35 आणि दोन विरुद्ध एक असे 75, म्हणजे 110. तिन्ही मिळून 145. सहाला एकीकडे चार असे 70, तीन विरुद्ध एक असे 175 आणि दोन विरुद्ध दोन असे 120. हा 120 कुठून आला? दोन विरुद्ध दोन असताना 15 गुणिले 15 म्हणजे 225 होतात, पण काळे-पांढरे उलट केले की तोच तक्ता, म्हणून उलटसुलट जोड्या एकदाच धरायच्या. बेरीज 365. आधीचे 145 मिळवले की 510. प्रत्येकाच्या दोन फाइल्स. 1,020.

(स्क्रीनवर आकडा येतो: 1,020)

एकही कमी नको, एकही जास्त नको. जास्त असतील तर बहुतेक कंसात एक लिहिलेली कॉपी आलीय, किंवा कोणीतरी नालिमोवच्या फाइल्स त्यातच ओतल्यात. त्यांचं शेपूट ई-एम-डी असतं. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, स्टॉकफिश हे इंजिन त्यांना हातही लावत नाही.

नाव वाचायची एक खुबी आहे, तिथे भले भले अडकतात. इंग्रजी आद्याक्षरं, मध्ये व्ही. राजा-हत्ती-प्यादं विरुद्ध राजा-हत्ती, हे झालं के-आर-पी-व्ही-के-आर. ज्या बाजूला मोहरे जास्त ती आधी. सारखे असतील तर ज्याच्याकडे भारी मोहरा तो आधी. आता यातच काळ्याने पांढऱ्याचा हत्ती मारला. उरलं काय? प्यादं विरुद्ध हत्ती. पण के-पी-व्ही-के-आर नावाची फाइल शोधाल तर जन्मात सापडणार नाही. ती के-आर-व्ही-के-पी नावाने बसलीय. फाइल गायब आहे म्हणून फोन येतात, त्यातल्या बऱ्याच अशा उलट्या नावाने शोधलेल्या असतात.

ही मारामारी महत्त्वाची आहे. सिझिजीच्या फाइल्स एकमेकींवर अवलंबून असतात. जिथे मोहरा मारूनच निकाल लागतो, तिथलं उत्तर तक्त्यात धड लिहिलेलंही नसतं. प्रोग्रॅम ती मारामारी खेळून छोट्या तक्त्यात डोकावतो. छोटा तक्ता नसेल तर मोठाही मुका. म्हणून आधी पाचपर्यंतच्या 290 फाइल्स पुऱ्या करा. त्या सगळ्या मिळून एक जीबीच्या आसपास आहेत, कोणत्याही पेनड्राइव्हवर बसतात. मगच सहाकडे वळा.

बरं, नावं 1,020 भरली. स्टॉकफिशला सिझिजी पाथ, म्हणजे फोल्डरचा पत्ता, दिलात, त्याने 510 तक्ते सापडले म्हणून सांगितलं. झालं? नाही हो. तो सुरुवातीला त्या नावाची फाइल उघडतेय एवढंच बघतो. आत काय आहे ते पुढे कधीतरी, नेमका तुमचा डाव रंगात आल्यावर कळतं. मग शेरा मारून बंद पडतो.

आत डोकावायचे दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा: फाइलचा आकार बाइटमध्ये घ्या, 64 ने भागा. बाकी 16 उरली पाहिजे. 1,040 बाइटची फाइल असेल तर 64 गुणिले 16 म्हणजे 1,024, बाकी 16, पास. स्टॉकफिश स्वतः हीच बाकी तपासतो. एक्सेलमध्ये आकारांचा कॉलम चिकटवला आणि बाकी काढणारं मॉड हे सूत्र लावलं की अर्धवट कापल्या गेलेल्या फाइल्स पटापट बाहेर येतात. सर्व्हरने फाइलऐवजी एररचं पान पाठवलं असेल तर तेही बहुधा इथेच पकडलं जातं.

पण याने न पकडली जाणारी एक जात आहे, आणि तीच खरी डांबिस. काही टोरेंट प्रोग्रॅम डाउनलोड सुरू होतानाच पूर्ण आकाराची जागा अडवून ठेवतात. नाव बरोबर, आकार बरोबर, बाकी 16, आणि आत नुसती शून्यं. तिच्यासाठी दुसरा उपाय, एमडी-फाइव्ह, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, चेकसम. फाइल्सबरोबर चेकसमची यादीही उतरवून घ्यायची आणि लिनक्सवर एमडी-फाइव्ह-सम, पुढे डॅश सी, पुढे यादीचं नाव. 160 जीबीला यूएसबी थ्रीच्या साध्या हार्ड डिस्कवर अर्धा-पाऊण तास लागतो. लावून द्या आणि चहा टाका. जी नापास होईल तेवढीच परत उतरवायची, सगळा संग्रह नव्हे. हे ऐकायला सोपं वाटतं, पण एक फाइल बिघडली म्हणून अख्खं फोल्डर उडवणारे लोक मला माहीत आहेत.

आता नोंद. एक साधी शीट पुरते: तक्त्याचं नाव, डब्ल्यू आहे का, झेड आहे का, कोणत्या डिस्कवर, आणि एमडी-फाइव्ह कधी पास झालं. माझ्या मते शेवटचा कॉलम सोडून बाकी सगळे प्रोग्रॅमने भरावेत, हाताने भरलेल्या शीटवर चार दिवसांनी भरवसा राहत नाही. ही शीट त्याच डिस्कवर ठेवू नका. डिस्क मेली तर काय गेलं हेही कळणार नाही. आणि डिस्क डोंबिवलीहून लोकलच्या गर्दीतून कोणाकडे जाऊन आली असेल, तर परत आल्यावर तारीख खोडून नव्याने तपासणी.

डब्ल्यूच्या फाइल्स एसएसडीवर ठेवा, इंजिन विचार करताना त्याच सारख्या चाळतं. त्या 73 जीबीच्या आसपास होतात. झेडच्या साध्या हार्ड डिस्कवर राहिल्या तरी काही बिघडत नाही. दोन पाथ देताना विंडोजवर मध्ये सेमीकोलन, लिनक्स आणि मॅकवर कोलन. इथे चुकलात तर अर्धा संग्रह त्याला दिसतच नाही आणि आपण नसत्या ठिकाणी शोधत बसतो.

राहता राहिले सात मोहरे. 2018 मध्ये बोजुन गुओ यांनी ते पूर्ण केले. 1,001 तक्ते, 18.4 टीबी. 100 एमबीपीएसची लाइन अखंड पळवली तरी सतरा दिवस. त्यात महिन्याला 3,300 जीबीची मर्यादा असलेला प्लॅन असेल तर पाच महिन्यांच्या वर. माझं मत विचाराल तर घेऊ नका; लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर सात मोहऱ्यांची पोझिशन मांडली की उत्तर मिळतं.

'मला फक्त हत्ती-प्याद्यांचे हवेत', असं म्हणणारे असतात. बघा हं. हत्ती आणि दोन प्यादी विरुद्ध हत्ती आणि एक प्यादं, एकच तक्ता. पण प्यादी पुढे जाऊन काहीही होऊ शकतात. पांढऱ्याच्या दोन जागांवर 15 जोड्या, काळ्याच्या एका जागेवर पाच प्रकार. एका तक्त्यामागे सातचेच 75 तक्ते, दीडशे फाइल्स, आणि त्यांच्याखाली सहाचे ते वेगळेच. तरी घ्यायचेच असतील, तर आधी त्या पंचाहत्तर नावांची यादी शीटमध्ये टाका आणि मग पहिली फाइल लावा. यादी बनवणारा छोटा प्रोग्रॅम खाली डिस्क्रिप्शनमध्ये ठेवलाय.